गाना गेलं 25 लाखांत

“भावोजी, 25 लाखांत भाईंदरला काय येतं, सांगा बघू.”

प्रश्न भिंतीपलीकडून आला, आणि त्याच्या पाठोपाठ वहिनींनी झटकलेल्या चादरीचं पाणी. आमच्या दोन सोसायट्यांच्या मध्ये छातीएवढी कंपाउंडची भिंत आहे. ती उंच करायचा ठराव दोन्हीकडच्या जनरल बॉडीत पास झालाय, आणि खर्च कुणी करायचा यावर दोन्हीकडे अडलाय. तोवर तळमजल्यावरच्या आम्हा लोकांचं बरं चाललंय.

“25 लाखांत? नवघर रोडला आत कुठेतरी, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगीत, चौथ्या माळ्यावर वन आरके मिळाली तर देवाची कृपा. वन बीएचकेचं नावच काढू नका.”

“तेवढ्यात ‘गाना’ गेलं. अख्खं.”

“कोण गेलं?” वरच्या गॅलरीतून काकांनी विचारलं. काकांना शेवटचा शब्द तेवढा ऐकू येतो.

“कुणी गेलं नाही हो काका! विकलं गेलं!”

“बिल्डिंग?”

भाईंदरमध्ये विकलं जाण्यासारखं दुसरं काही असू शकतं, हे काकांना पटवायला जरा वेळ गेला. तीस वर्षं स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशिंगच्या मशिनीवर काढलेला माणूस. त्या आवाजाने कान गेले, पण चौकशी शाबूत आहे.

वहिनींना ही बातमी पोराकडून कळली. स्टेशनजवळ त्याचा मोबाइल रिपेअरिंगचा लहानसा गाळा आहे. तिथे कुणी गिऱ्हाईक हेडफोनची वायर जोडून घ्यायला बसलं होतं, त्याने सांगितलं. “मला वाटलं, 25 कोटी म्हणत असेल. पोरगा म्हणाला, आई, लाख.”

लाखच. वहिनींकडे बातम्या उशिरा येतात, पण पक्क्या येतात. ही 2023 च्या डिसेंबरातली. ‘गाना’ हे गाण्यांचं ॲप टाइम्सवाल्यांनी 2010 मध्ये काढलं. 2018 च्या फेब्रुवारीत चीनच्या टेन्सेन्टने पुढाकार घेऊन त्यात साडेअकरा कोटी डॉलर ओतले, म्हणजे त्या वेळच्या भावाने जवळपास साडेसातशे कोटी रुपये. पुढे 2022 मध्ये एअरटेल ते घेणार अशी बातमी फुटली, बोलणी फिसकटली. त्याच वर्षी सप्टेंबरात फुकट ऐकणं बंद झालं, ऐकायचं तर पैसे भरा. आणि सव्वा वर्षाने रेडिओ मिर्ची चालवणाऱ्या कंपनीने ते 25 लाखांना घेतलं.

“मिर्ची पण टाइम्सचीच ना?”

“हो तर.”

“मग काय, धाकट्याने थोरल्याला गाडी विकल्यासारखं दाखवायचं.” वहिनींनी चादर दोरीवर टाकली. “पण साडेसातशे कोटी गेले कुठे? एवढी गाणी होती ना त्यांच्याकडे?”

“गाणी त्यांच्याकडे होती. त्यांची नव्हती.”

वहिनी दोन क्षण थांबल्या आणि मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांचा एक फ्लॅट मीरा रोडला शांतीनगरमध्ये आहे, भाड्याने दिलेला, आणि दर अकरा महिन्यांनी भाडेकरू, एजंट आणि रजिस्ट्रेशन या तिघांशी त्यांची लढाई ठरलेली असते. “म्हणजे लिव्ह अँड लायसन्स! जागा मालकाची, हे नुसते आत राहतात. फर्निचर केलं, पडदे लावले, तरी अकरा महिने झाले की मालकाच्या पाया पडा.”

इतकं सोपं करून कुठल्याही अर्थविषयक पानावर मी वाचलं नव्हतं. गाण्याचं ॲप हा भाडेकरूच. गाण्याचा मालक म्हणजे सारेगामा, टी-सिरीज, झी म्युझिक, टिप्स ही मंडळी. ॲपवाले त्यांच्याशी ठरावीक मुदतीचा करार करतात, आपण ऐकू त्या मानाने पैसे मोजतात, आणि मुदत संपली की पुन्हा बसतात. आपण फोनवर केलेली यादी, लाल बदाम, ‘आवडती गाणी’ हे सगळं भाडेकरूच्या पडद्यांसारखं.

“तुम्ही कधी कुणाला काढलंय का हो, करार न वाढवता?”

“एकदाच. त्याने बाथरूममध्ये कबुतरं पाळली होती.”

धिंगाणाने तर कबुतरंही पाळली नव्हती. ‘धिंगाणा’ हे ॲप होतं, आज विशीतल्या पोरांना नावही ठाऊक नसेल. स्नेहल आणि स्वप्निल शिंदे या जुळ्या भावांनी 2007 मध्ये ते काढलं. एक कचेरी कॅलिफोर्नियात, एक पुण्यात. अमेरिकेतल्या मराठी घरांत तेव्हा हिंदी-मराठी गाणी ऐकायची म्हणजे कुणीतरी सुट्टीत येताना सीडी आणायच्या, नाहीतर कुठल्या तरी संशयास्पद साइटवरून उतरवून घ्यायची. तिथे हे रीतसर, फुकट, जाहिरातींवर चालणारं. चांगलं चाललं, गुंतवणूकदार आले. आणि 2014 च्या सुरुवातीला टी-सिरीजने करार वाढवला नाही. हिंदी सिनेमाची नवी गाणी ज्याच्याकडे, त्यानेच दार लावून घेतलं, मग दुकानात ठेवणार काय? फेब्रुवारीत धिंगाणा बंद पडलं. मार्चमध्ये आरडिओ नावाच्या अमेरिकन कंपनीने ते उचललं.

“म्हणजे वाचलं.”

“कुठलं वाचतंय. आरडिओ स्वतःच 2015 च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीत गेलं. त्यातलं जे घेण्यासारखं होतं ते पॅन्डोराने साडेसात कोटी डॉलरना घेतलं. आणि पॅन्डोराला पुढे सिरियस एक्सएमने गिळलं.”

“आणि शिंदे बंधू?”

“त्यांना काय धाड भरलीय. त्यांनी मेझी म्हणून दुसरी कंपनी काढली, प्रवासाची तिकिटं-बिकिटं ठरवून देणारी. ती 2018 मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने घेतली.”

“हां,” वहिनी म्हणाल्या. ‘मुलगा सुखरूप आहे ना’ विचारून झाल्यावर सोडतात तसा सुस्कारा होता तो.

मालकाचा रुबाब थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. स्वीडनचं स्पॉटिफाय 2019 च्या फेब्रुवारीत वाजतगाजत भारतात आलं. दोन महिन्यांत सारेगामाने दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं, आमच्याशी करार झालेला नसताना आमची गाणी लावता कशी म्हणून. स्पॉटिफायने मुकाट गाणी उतरवली. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्ही, कुत्र्याच्या चित्रवाली. तिची गाणी उतरवणं म्हणजे लताबाई, आशाबाई, बाबूजींच्या मोठ्या खजिन्याला कुलूप. समेट व्हायला 2020 उजाडलं. मग 2024 च्या मार्चमध्ये झी म्युझिकशी करार संपला आणि त्यांची गाणी स्पॉटिफायवरून गेली. ‘सैराट’चं संगीत झीकडे आहे. ज्या गाण्यांवर उभा महाराष्ट्र वरातीत नाचला, त्यांचा मालक कोण हे नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं?

“नाचताना कोण सातबारा बघतो,” वहिनी म्हणाल्या.

खरंय. पण सारेगामाचं मला कौतुक वाटतं. शंभर वर्षांहून जुनी कंपनी. रेकॉर्ड गेली, कॅसेट गेली, सीडी गेली. कॅसेटच्या काळात तर टी-सिरीजच्या स्वस्त मालाने तिला फेस आणला होता. पण गाण्यांचे हक्क तिने धरून ठेवले. 2017 मध्ये तिने ‘कारवां’ काढला, दिसायला जुन्या रेडिओसारखा, आत पाच हजार गाणी आधीच भरलेली, इंटरनेटची भानगड नाही. दिवाळीत आईबापांना द्यायला पोरांनी रांगा लावल्या. त्याच गाण्यांचे कंपनीने रेकॉर्डवर पैसे घेतले, कॅसेटवर घेतले, सीडीवर घेतले, डब्यात घालून घेतले, आणि आता ॲपवाल्यांकडून महिन्याच्या महिन्याला घेते. याला म्हणतात जागा राखणं.

“आमच्याकडे आहे तो डबा,” काका वरून म्हणाले. “सुनेने आणला. आवाज फुल केला की बरा ऐकू येतो.”

“सगळ्या विंगला बरा ऐकू येतो काका,” वहिनी पुटपुटल्या. हे काकांना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

वहिनींच्या डोक्यात मात्र हिशेब चालू होता. “मला एक कळत नाही. गाण्याच्या धंद्यात एवढंच जर सुख असेल, तर अंबानींनी तो सावन कशाला घेतला? त्यांना काय कमी होतं?”

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता. सावन हे ॲप ऋषी मल्होत्रा, परमदीप सिंग आणि विनोद भट या तिघांनी 2007 मध्ये न्यूयॉर्कहून सुरू केलं. 2018 च्या मार्चमध्ये रिलायन्सने जाहीर केलं की आपलं जिओम्युझिक आणि सावन एक होणार. दोघांची मिळून किंमत धरली शंभर कोटी डॉलरच्या वर, त्यात जिओम्युझिकचे 67 कोटी. सावनच्या जुन्या भागधारकांकडून काही हिस्सा 10 कोटी 40 लाख डॉलरना घेतला. डिसेंबरात नवी पाटी लागली, जिओसावन.

“तरी कशाला?”

“तुमच्या नणंदबाईंना फोन केला की काय वाजतं?”

“अगं बाई, ते होय! आधी हनुमान चालिसा होती, आता नातवाने कसलं तरी पंजाबी लावलंय. मयताचं कळवायला फोन केला तरी तेच.”

“पूर्वी त्या कॉलर ट्यूनचे महिन्याला पैसे कापायचे. जिओने ती फुकट दिली. ती लावायची कुठून, जिओसावनमधून. एकदा लावली, यादी केली, गाडीत ऐकायची सवय झाली, की सिम बदलायचा कंटाळा येतो. गाणं विकून दहा-वीस रुपये सुटावेत म्हणून हे कुणी करत नाही. सिम खिशात राहावं म्हणून करतात.”

आणि ज्याला खिशातल्या सिमसाठीच गाणं हवं असतं, त्याला गाण्याचा लोभ नसतो. एअरटेलनेही 2014 मध्ये स्वतःचं विंक म्युझिक काढलं होतं, चांगलं दहा वर्षं चालवलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये ॲपलशी करार झाला, विंक बंद होणार असं जाहीर झालं, आणि एअरटेलच्या गिऱ्हाइकांपुढे ॲपल म्युझिक आलं. टिकटॉकवाल्या बाइटडान्सचं रेसो 2024 च्या जानेवारीअखेर भारतातून उठलंच होतं. नुसती गाणी ऐकवून पोट भरणाऱ्यांत स्पॉटिफाय जगात सर्वांत मोठं, आणि त्यालाही वर्षभराचा नफा पहिल्यांदा दिसला तो 2024 मध्ये. कंपनी निघाली 2006 साली! अठरा वर्षं पोराने कमवायला लागण्याची वाट बघणारे आईबाप आमच्याकडेही आहेत, पण ते त्याला जागतिक यश म्हणत नाहीत.

“फोनवाल्याला फोन विकायचाय, सिमवाल्याला सिम,” मी म्हटलं. “गाणं म्हणजे त्यांना…”

“वर घातलेली कोथिंबीर,” वहिनींनी पुरं केलं. “जुडी मोफत मागून घ्यायची ती.”

एवढ्यात पोरगा डबा न्यायला घरी आला. भिंतीवर डबा ठेवून त्याने खिशातून एक हेडफोन काढला, मला दाखवायला. लाल रंगाचा, बाजूला इंग्रजी ‘बी’ कोरलेला. “ओळखा काका, ओरिजिनल की फर्स्ट कॉपी?” मला काय कळतंय. त्याने कानावरची गादी बोटाने दाबली, तर काळे पापुद्रे निघून त्याच्या नखाला चिकटले. “मनीष मार्केट,” तो म्हणाला. “ओरिजिनलची गादी पण जाते, पण अशी नाही.” मग त्याने वायरचं टोक दाखवलं. जिथे पिन रबरात शिरते तिथेच ती तुटते, कारण सगळे जण पिन न धरता वायर ओढून काढतात. आतल्या तारा केसाएवढ्या, एक लालसर, एक हिरवी, एक नुसती तांब्याची. त्यांच्यावर रंगाचं पातळ अस्तर असतं. ते सोल्डरिंगच्या टोकाने जाळल्याशिवाय टाका धरतच नाही. नवशिके हे विसरतात आणि मग ‘जोडलं तरी वाजत नाही’ म्हणतात. सरळ काम, पन्नास-शंभर रुपये.

“आणि ते कानात घालायचे बिनवायरचे?”

“ते आले की मी हात जोडतो. गोंदाने चिकटवलेले असतात, आत एवढीशी बॅटरी. उघडले की परत बसत नाहीत. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बसली की नवीन घ्या.”

डबा घेऊन तो गेला, आणि त्या ‘बी’वरून मला भिंतीवरच्या गप्पांना शोभेल असा किस्सा आठवला. डॉक्टर ड्रे, हा औषधाचा डॉक्टर नव्हे, रॅप करणारा, आणि जिमी आयोविन म्हणून रेकॉर्ड कंपनीतला मुरब्बी माणूस. या दोघांनी 2006 मध्ये बीट्स कंपनी काढली, 2008 मध्ये हेडफोन बाजारात आले. कानावर कलिंगडाच्या फोडीएवढे, बास दणदणीत, भाव चढा. कान असलेले लोक म्हणाले, एवढ्या पैशात याहून चांगला आवाज मिळतो. पण खेळाडू गळ्यात घालून मैदानात उतरायला लागले आणि आवाजाचा प्रश्नच मिटला. 2011 मध्ये तैवानच्या एचटीसीने अर्ध्याहून जरा जास्त हिस्सा तीसेक कोटी डॉलरना घेतला. एचटीसीचे फोन आठवतात?

“आमच्या ह्यांच्याकडे होता. गरम व्हायचा.”

“त्यांना वाटलं, बीट्सचं नाव लावलं की फोन खपेल. खपला नाही. अडचणीत आले, 2013 मध्ये उरलासुरला हिस्सा विकून मोकळे झाले. आणि वर्षही झालं नाही तो 2014 च्या मे महिन्यात ॲपलने बीट्स घेतलं, 300 कोटी डॉलरना.”

“300 कोटी डॉलर म्हणजे?”

“त्या वेळचे सुमारे अठरा हजार कोटी रुपये.”

वहिनींनी चिमटा लावायचा थांबवून माझ्याकडे बघितलं. “आणि एचटीसीवाला?”

“बसला असेल कपाळ बडवत.”

पण मजा त्याच्या आधीची. सौदा ठरल्याची कुजबुज वर्तमानपत्रात आली होती, ॲपलने अवाक्षर काढलं नव्हतं. ॲपलची ख्याती अशी की आत काय शिजतंय ते बाहेर झाडूवाल्यालाही कळता कामा नये. आणि इकडे टायरीस गिब्सन नावाच्या गायक-नटाने फेसबुकवर व्हिडिओ टाकला! रात्रीची पार्टी, सगळे रंगात आलेले, शेजारी खुद्द डॉक्टर ड्रे, आणि हिप-हॉपमधला पहिला अब्जाधीश म्हणून आनंदोत्सव चाललेला. सगळ्या जगाने बघितला. करार अधिकृतपणे जाहीर झाला 28 मे रोजी, म्हणजे या धिंगाण्यानंतर जवळजवळ तीन आठवड्यांनी.

“साखरपुड्याआधी स्टेटस ठेवण्यातला प्रकार,” वहिनी खूश होऊन म्हणाल्या. “आमच्या बी विंगमध्ये झालं होतं. मोडलं लग्न.”

“हे मोडलं नाही.”

बीट्सचं गाण्याचं ॲपही होतं, बीट्स म्युझिक, त्याच वर्षी जानेवारीत निघालेलं. ॲपलला खरं तर तेही हवं होतं. आयट्यून्सवर एकेक गाणं विकत घेऊन ठेवणारे लोक कमी होत चालले होते आणि महिन्याचे पैसे भरून हवं ते ऐकणारे वाढत होते. म्हणून 2015 च्या 30 जूनला ॲपल म्युझिक आलं, भारतातही त्याच दिवशी, महिना 120 रुपयांत, आणि नोव्हेंबरात बीट्स म्युझिकला टाळं लागलं. हेडफोनचं नाव मात्र तसंच ठेवलं. नावालाच तर अठरा हजार कोटी दिले होते.

आणि 2016 च्या सप्टेंबरात आयफोन 7 आला, त्याला हेडफोनचं भोकच नाही! त्याच दिवशी त्याच मंचावर बिनवायरचे एअरपॉड्स दाखवले. जागा वाचते, पाणी शिरत नाही, अशी कारणं सांगितली, ती खोटी नसतील. पण आधी हेडफोनची कंपनी घ्यायची, मग वायरची वाट बुजवायची, आणि मग बिनवायरचा माल पुढे करायचा, हा क्रम मी वहिनींना सांगितला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “आमच्या पोराच्या पोटावर पाय.”

त्या वर्षी सॅमसंगही बाजारात उतरलं. नोव्हेंबरात हार्मन कंपनी 800 कोटी डॉलरना घेत असल्याचं जाहीर केलं, 2017 च्या मार्चमध्ये व्यवहार पुरा. हार्मन म्हटलं की लक्षात येणार नाही, जेबीएल म्हटलं की नवरात्र आठवेल. एकेजी, इन्फिनिटी, हार्मन कार्डन सगळी त्याच घरची. तेव्हा तिचे प्रमुख दिनेश पालीवाल, आपल्या आग्र्याकडचे.

“म्हणजे आता गरब्याला सॅमसंग वाजणार.”

“सॅमसंगला तुमच्या गरब्याशी देणंघेणं नव्हतं. हार्मनचा 65 टक्के धंदा गाड्यांचा होता. मोटारीतला पडदा, नकाशा, स्पीकर, फोन जोडायची सोय. पुढे मोटार म्हणजे चाकांवरचा फोनच होणार, हे ओळखून घेतली. हेडफोन वर आले.”

“कोथिंबीर.”

“हो. तिचा एक कारखाना चाकणला आहे. पुण्याकडची पोरं आपल्याच गाड्यांतली यंत्रं तिथे जोडतात. मालक कोरियाचा, कंपनी अमेरिकेची, घाम चाकणचा.”

इकडे देशी हेडफोनवाल्यांचंही बरं चाललंय. बोट कंपनी मुंबईची, अमन गुप्ता आणि समीर मेहता यांची. ‘शार्क टँक’मुळे गुप्तांना आता वहिनीही ‘तो हसरा’ म्हणून ओळखतात. त्यांचा पहिला माल हेडफोन नव्हताच, ॲपलच्या फोनला चालेल अशी मजबूत चार्जिंगची वायर. मूळ वायर टोकाशी तुटायची, यांनी न तुटणारी काढली. म्हणजे धंदा उभा राहिला तो थेट वहिनींच्या पोराच्या गिऱ्हाइकावर! 2021 च्या जानेवारीत वॉरबर्ग पिंकस या अमेरिकन गुंतवणूकदाराने त्यात 10 कोटी डॉलर घातले. गल्लीत कोपऱ्यावरच्या प्रत्येक पानवाल्याच्या गळ्यात आता बोटचा पट्टा असतो. कानात घातलेला क्वचित.

“वहिनी, या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेला सौदा वेगळाच आहे.”

“कुठला?”

“सेनहायझर. जर्मनीची कंपनी, 1945 ची. आवाजातले दर्दी लोक त्यांच्या हेडफोनपुढे चप्पल काढून उभे राहतात. 2021 मध्ये त्यांनी घरगुती हेडफोनचा धंदा विकला. घेतला कुणी, ओळखा.”

“गूगल?”

“नाही. सोनोव्हा. स्वित्झर्लंडची. फोनॅकची यंत्रं करते ना, ती.”

“कसली यंत्रं?”

“कानाची. कमी ऐकू येणाऱ्यांची.”

वहिनी भिंतीला धरून हसल्या. “म्हणजे आधी गाणी मोठ्याने ऐकवून कान घालवा, आणि मग शेजारच्याच काउंटरवर यंत्र द्या! हे डोकं म्हणायचं. आमच्याकडचा दंतवैद्य मिठाईचं दुकान काढायचं म्हणतो, ते अगदीच वावगं नाही तर.”

वहिनी हसण्यावारी नेतात, पण यात तथ्य आहे. कानात बसणारं, आवाज पकडणारं, तो स्वच्छ करून आत सोडणारं यंत्र हेडफोनवाला आणि श्रवणयंत्रवाला दोघंही बनवतात. फरक किमतीचा आणि लाजेचा. यंत्र लावलेला म्हातारा दिसतो, इअरबड लावलेला तरुण. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2024 च्या सप्टेंबरात ॲपलच्या एअरपॉड्स प्रोला श्रवणयंत्र म्हणून चालवायची परवानगी दिली, सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी. माझ्या मते ॲपल-सॅमसंगच्या सगळ्या उद्योगांत ज्याने कुणाचं तरी खरंच भलं होईल, ते हे. लाज गेली तर अर्धं यंत्र बसलंच म्हणून समजा.

“काका, तुमचं यंत्र कुठेय?” वहिनींनी मान वर करून ओरडून विचारलं.

“कपाटात.”

“लावत का नाही?”

“शिट्टी वाजते त्यात. आणि लोक हळू बोलायला लागतात, ऐकू येतं म्हणून. न लावलं की सगळे नीट मोठ्याने बोलतात.” काका कठड्यावर वाकले. “पण त्या स्विस कंपनीचं काय म्हणालात?”

“हेडफोनची कंपनी घेतली त्यांनी काका! 20 कोटी युरोंना!”

“एजन्सी देतात का इकडे?”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. हा विचार त्यांच्याही डोक्यात नेमका तेव्हाच आला असणार, कारण चिमट्यांची टोपली खाली ठेवून त्या भिंतीला टेकल्या. “पोराच्या शेजारचा गाळा रिकामा झालाय भावोजी. झेरॉक्सवाला गेला. एका बाजूला हेडफोन दुरुस्ती, दुसऱ्या बाजूला कानाची यंत्रं. भाईंदरला स्टीलच्या कारखान्यांत काम केलेले म्हातारे काय कमी आहेत? तुम्ही ते इंटरनेटवर बघा जरा, फॉर्म-बिर्म काय भरायचा असेल तर.”

“गाळ्याचा मालक कोण?” काकांनी वरून विचारलं. “डिपॉझिट किती मागतोय?”

“दोन लाख!”

“एकात येईल. मी बोलतो त्याच्याशी. करार मात्र अकरा महिन्यांचा करू नका, पाच वर्षांचा करा.”